अफजलखानवधाचें चित्र आणि त्यांतून गाळलेलीं नांवें

शके 1581 मार्गशीर्ष शुद्ध 7 (10 नोव्हेंबर 1659) रोजीं प्रतापगडाखालीं घडलेला प्रसंग ज्यास ठाऊक नाहीं असा मनुष्य महाराष्ट्रांत विरळा. मात्र तो बहुतेकांस बखरींतून भेटत नाहीं, चित्रांतून भेटतो. सप्टेंबर 2009 मध्यें गणेशोत्सवांत मिरजेस एका कमानीवर हेंच चित्र लागलें; त्यावरून दंगल उसळली, संचारबंदी पुकारावी लागली, आणि सांगली, इचलकरंजी व कोल्हापूर येथपर्यंत तिचे पडसाद उमटले. त्यांत अपराध कोणाचा, हा निवाडा न्यायासनाचा आहे. आम्हांस येथें केवळ चित्राचें परीक्षण कर्तव्य आहे, आणि तें जुन्या कागदाचें करावें त्याच रीतीनें: त्यांत काय आहे, काय गाळलें आहे, व गाळल्यामुळें अर्थ कोणता झाला.

चित्रांत बहुधा दोनच पुरुष ठळक असतात, एक हिंदु व एक मुसलमान. भोंवतीं कोणी नसल्यामुळें पाहणारा समजतो कीं हे दोन धर्मच एकमेकांस भिडले. आणि मग शेजारच्या आळींतला मुसलमान त्यास खानाचा वारस भासूं लागतो. कागद असें सांगत नाहींत.

कवींद्र परमानंदाचें शिवभारत हें महाराजांच्याच आश्रयानें रचलेलें काव्य, रा. सदाशिव महादेव दिवेकर यांनीं तें 1927 सालीं मराठी भाषांतरासह उजेडांत आणलें. त्यांत पक्षपात असलाच तर तो विजापुराकडे खास नव्हे. त्यांत महाराजांच्या निवडक दहा अंगरक्षकांत जिवा महाला व येसाजी कंक यांच्या बरोबरीनें इब्राहीम सिद्दी आहे. उलट खानाच्या अंगरक्षकांत पिलाजी व शंकराजी मोहिते आहेत. त्याच्या फौजेंत झुंजारराव घाटगे, घोरपडे, पांढरे, आणि प्रत्यक्ष भोसले कुळांतील मंबाजी. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर ब्राह्मण होता, हें तर सर्वश्रुत आहे. इतकीं नांवें गाळल्यावांचून दोन माणसांचें चित्र निघतच नाहीं.

ह्याहून बोलका कागद म्हणजे 16 जून 1659 चें कान्होजी जेधे यांस आलेलें आदिलशाही फर्मान. शिवाजीनें निजामशाही कोकणांतील मुसलमानांस उपद्रव दिला, असा आरोप करून त्यांत खानास सामील होण्याची आज्ञा केली आहे. वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. मुसलमानांवरील जुलमाचें गाऱ्हाणें, आणि तें सांगावयाचें कोणास, तर एका हिंदु देशमुखास! लिहिणारास पक्कें ठाऊक होतें कीं जेध्यास हलवील तें वतन. धर्माचें नांव हें फर्मानाचें केवळ वेष्टन होय. कान्होजीनें वतनावर पाणी सोडून महाराजांची बाजू धरिली. खंडोजी खोपडे रोहिडखोऱ्याच्या देशमुखीच्या आशेनें खानाकडे गेला. खान वाईचा सुभेदार राहिलेला. ह्या मुलखांतील घराणीं व त्यांचे तंटे त्यास परके नव्हते.

कोणी म्हणेल, तुळजापुरास देवीचा भंग झाल्याचें सभासद लिहितो, तें काय टाकून द्यावयाचें? मुळींच नाहीं. तो उल्लेख ज्या बखरींत आहे ती प्रसंगानंतर सुमारें 35 वर्षांनीं लिहिली गेली, हें ध्यानांत ठेवून तो अवश्य छापावा. पण तो दोष अफजलखानाचा. 2009 सालच्या मिरजकर मुसलमानाच्या खातीं तो मांडण्यास कोणता दाखला आहे?

हा मिरजकर उपरा, असेंही म्हणण्यांत येतें. उपरेपणच पाहावयाचें तर मिरजेचा लौकिक वाढविणारे खां. अब्दुल करीम खां उत्तरेंतील कैरान्याचे. ते मिरजेस स्थायिक झाले, 1937 सालीं वारल्यावर ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारांत त्यांचें दफन झालें, आणि उरुसांत त्यांच्या स्मरणार्थ गाणें होतें. ज्या तंबोऱ्यावर तें गाणें होतें तो घडविणारे शिकलगार तर पिढ्यान्‌पिढ्या हत्यारांस धार लावणारे; लढायांचा काळ सरला तेव्हां, 19 व्या शतकांत, ते भोंपळ्याकडे वळले. त्यांच्या सतार-तंबोऱ्यांस 2024 सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. ह्याच दर्ग्याचा मानाचा गलेफ चर्मकार समाजाकडून चढतो.

सातारा जिल्हाही ह्यापासून अलिप्त नाहीं. खटाव तालुक्यांत पुसेसावळी येथें 10 सप्टेंबर 2023 रोजीं समाजमाध्यमांवरील मजकुराच्या निमित्तानें जमाव मशिदीवर चालून गेला व एका मनुष्याचा प्राण गेला. मजकूर मूळ कोणाचा, हें पाहण्याइतकाही धीर जमावास निघाला नाहीं. लेखकाचें नांव सिद्ध झाल्याखेरीज आम्ही एखाद्या पत्राची तारीखही मान्य करीत नाहीं!

जुलै 2024 मध्यें लंडनच्या व्हिक्टोरिया व अल्बर्ट संग्रहालयांतील वाघनखें साताऱ्यास प्रदर्शनार्थ आलीं. तीं ग्रँट डफ साताऱ्यास असतां त्यास भेट मिळालीं असें पेटीवरील लेखावरून कळतें. हींच तीं वाघनखें अशी खात्री देतां येत नाहीं, असें त्या संग्रहालयानेंच स्पष्ट केलें. त्यावर आपल्याकडील अभ्यासकांनीं बारकाईनें वाद घातला, हें योग्यच झालें. वस्तूस जो दाखला मागितला तो चित्रास मागितल्याचें मात्र आमच्या पाहण्यांत नाहीं.

माण, खटाव, वाई व मिरज ह्या भागांतील देशमुख, काजी व मुजावर घराण्यांच्या दप्तरांत खानाच्या स्वारीच्या काळचे जे महजर व सनदा असतील, त्यांच्या नकला संग्राहकांनीं साक्षीदारांच्या नांवांची संपूर्ण यादी उतरून मंडळाकडे पाठवाव्या. प्रसिद्ध करितांना ह्याच याद्या जागेअभावीं गाळण्याची वहिवाट आहे. ती ह्यापुढें बंद व्हावी.