कागदाचा संग्रह आणि कागदाचा संदर्भ : अहमदनगरच्या टपाल-कागदांच्या निमित्ताने एक चिकित्सा

प्रस्तावना

छंदांच्या जगात कागदाला मोठे स्थान आहे. टपाल तिकिटे, चित्रपोस्टकार्डे, काडेपेट्यांचे छाप, बबलगमसोबत मिळणारी खेळाडूंची कार्डे, चित्रपटांच्या जाहिराती, जुनी भाग-प्रमाणपत्रे, लग्नपत्रिका असे नानाविध कागद लोक हौसेने जमवतात. या छंदाविषयी मराठीत जे लेखन होते ते बहुतांशी कौतुकपर असते. संग्राहकाची चिकाटी, त्याच्याकडील नगांची संख्या आणि एखाद्या दुर्मिळ नगाची किंमत यांचे वर्णन झाले की लेख संपतो. संग्रहात आल्यानंतर कागदाचे नेमके काय होते आणि तो अभ्यासकाच्या उपयोगाचा केव्हा ठरतो, हे प्रश्न त्यात क्वचितच उपस्थित होतात.

प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथून गेल्या शतकात बाहेर पडलेल्या टपाल-कागदांच्या आधारे केला आहे. लेखाची भूमिका अशी की, संग्रहातील कागदाचे अभ्यासमूल्य त्याच्या दुर्मिळतेतून येत नाही. तो कोठून आला, कोणाकडे होता आणि कशासोबत होता ही माहिती त्याच्याबरोबर टिकली असेल तरच तो पुरावा म्हणून बोलू शकतो. संग्राहकाची जी सवय ही माहिती तोडून टाकते, ती कागद वाचवते आणि पुरावा गमावते.

संग्रहासाठीच छापलेला कागद

जमवण्याच्या कागदांत प्रथमच एक भेद करणे आवश्यक आहे. काही कागद जमवले जावेत या हेतूनेच छापले जातात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील तंबाखू कंपन्यांनी सिगारेटच्या पाकिटाला ताठपणा यावा म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालण्यास सुरुवात केली आणि त्यावर नट्या, सैनिक, खेळाडू यांची चित्रे छापली. मालिका पूर्ण करण्याच्या ओढीने गिऱ्हाईक पुन्हा तेच पाकीट विकत घेई. संग्राहकाची हौस ही येथे विक्रीची योजना होती. पुढे तंबाखूची जागा बबलगमने घेतली, तरी तत्त्व तेच राहिले. महाराष्ट्रातील मुलांनीही १९८० आणि १९९० च्या दशकांत क्रिकेटपटूंची कार्डे आणि कुस्तीगिरांची 'ट्रम्प कार्डे' याच ओढीने जमवली. उंची, वजन, छाती, लढलेल्या व जिंकलेल्या कुस्त्या यांचे आकडे एकमेकांवर टाकून खेळायचे आणि हरलेल्याचे कार्ड जिंकायचे, असा तो खेळ होता.

अशा कार्डांचा अभ्यास होऊ शकत नाही असे मुळीच नाही. न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथील कामगार जेफरसन बर्डिक याने तीन लाखांहून अधिक छापील कार्डे व तत्सम कागद जमवले, त्यांची सूची १९३९ मध्ये प्रसिद्ध केली आणि आपला संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिला. संधिवाताने बोटे आखडलेली असतानाही त्याने संग्रहालयात बसून तो संग्रह वह्यांत लावण्याचे काम १९६३ पर्यंत पूर्ण केले. कोणते कार्ड कोणत्या प्रकारच्या मालासोबत आणि कोणत्या काळात आले याची वर्गवारी त्याने केली. आज जगभर वापरले जाणारे 'टी २०६' हे मालिकेचे नाव बर्डिकच्या सूचीतून आले आहे. त्यातील 'टी' हे अक्षर तंबाखूचे. म्हणजे कार्ड ज्या मालासोबत आले त्या मालाची आठवण त्याने नावातच जपली.

बाजाराने मात्र उलट दिशा धरली. १९५२ च्या मालिकेतील मिकी मॅन्टल या बेसबॉलपटूचे एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकले गेले. ही किंमत मुख्यतः कार्ड किती कोरे, किती न हाताळलेले आहे यावर ठरते. त्यासाठी कार्ड तपासून, त्याला गुण देऊन प्लास्टिकच्या आवरणात कायमचे बंद केले जाते. ज्या मुलांसाठी कार्ड छापले त्यांच्यापैकी कोणाच्याही बोटांची खूण त्यावर नसणे हा येथे सर्वोच्च गुण मानला जातो. ट्रम्प कार्डाचा दुमडलेला कोपरा, मागे पेन्सिलीने लिहिलेले मुलाचे नाव आणि इयत्ता हा बाजाराच्या दृष्टीने दोष आहे. बालपणाच्या इतिहासकाराला मात्र त्या कार्डातील वाचण्याजोगा मजकूर तेवढाच असतो.

तिकीट : मधली अवस्था

टपाल तिकिटाचे स्थान या दोहोंच्या मधले आहे. ते वापरासाठी छापले जाते, परंतु टपाल खात्यालाही संग्राहक हवा असतो, कारण संग्राहकाने घेतलेल्या तिकिटाच्या बदल्यात पत्र पोहोचवावे लागत नाही. अहमदनगर जिल्ह्याशी नाते असलेल्या व्यक्तींवर अशी स्मारक तिकिटे वेळोवेळी निघाली आहेत. पारनेरचे सेनापती बापट यांच्यावर १९७७ मध्ये, चौंडी येथे जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर यांच्यावर १९९६ मध्ये आणि शिर्डीच्या साईबाबांवर २००८ मध्ये तिकीट प्रसिद्ध झाले. जिल्ह्यातील संग्राहकांच्या वहीत ही तिकिटे अभिमानाने लावलेली असतात. तो अभिमान योग्यच आहे. तथापि ही तिकिटे जिल्ह्याविषयी जे सांगतात ते दिल्लीने जिल्ह्याविषयी ठरवलेले असते. त्यांच्यावरून स्मरणाचे शासकीय धोरण समजते, पण जिल्ह्यातील माणसाने कोणाला काय लिहिले हे त्यांतून कळत नाही.

या छंदाची शालेय शिकवण एका हानिकारक सवयीपासून सुरू होते. पाकिटाचा कोपरा कापायचा, तो पाण्यात भिजवायचा, तिकीट अलगद सोडवून वाळवायचे आणि देशवार किंवा विषयवार वहीत लावायचे, हा तो परिपाठ होय. या क्रियेत तिकीट वाचते आणि उरलेले पाकीट रद्दीत जाते. पाकिटासोबत पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता, रवानगीचा व पोहोचीचा शिक्का, वाटेतील टपाल कचेऱ्यांच्या खुणा आणि हस्ताक्षर हे सर्व जाते. शासनाने २०१७ मध्ये 'दीनदयाळ स्पर्श' योजनेद्वारे सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांना या छंदासाठी वर्षाला ६००० रुपयांची शिष्यवृत्ती सुरू केली. योजनेचा हेतू स्तुत्य आहे. परंतु काय जमवावे याबरोबरच काय कापू नये हेही विद्यार्थ्याला शिकवले गेले नाही, तर छंद वाढेल आणि साधने कमी होतील.

तिकीट नसलेले पाकीट

या सवयीची मर्यादा अहमदनगरच्या एका विशिष्ट कागदसमूहाने सर्वाधिक स्पष्ट होते. हा समूह म्हणजे येथील युद्धकैद्यांच्या छावण्यांतून गेलेली पत्रे. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात (१८९९ ते १९०२) पकडलेल्या बोअर कैद्यांपैकी काहींना अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात ठेवण्यात आले होते. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातील जर्मन व ऑस्ट्रियन रहिवाशांना पकडून ठेवण्याचे अहमदनगर हे प्रमुख ठिकाण बनले. त्यांत व्यापारी होते, खलाशी होते, तसेच बासेल मिशनसारख्या संस्थांचे धर्मोपदेशकही होते. १९१७ मध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या प्रतिनिधींनी हिंदुस्थान व ब्रह्मदेशातील छावण्यांची पाहणी केली, तीत अहमदनगरचा समावेश होता. दुसऱ्या महायुद्धातही जर्मन नागरिकांना प्रथम येथे ठेवले गेले. पुढे डेहराडूनच्या छावणीतून निसटून तिबेटात गेलेला गिर्यारोहक हाइनरिश हारर हा काही काळ अहमदनगरच्या छावणीत होता.

१८९९ आणि १९०७ च्या हेग नियमावलीतील सोळाव्या कलमाने युद्धकैद्यांच्या पत्रांना टपालखर्चातून सूट दिली होती. परिणामी या छावणीतून गेलेल्या अनेक पाकिटांवर तिकीटच नसते. देशवार वही लावणाऱ्या संग्राहकाच्या दृष्टीने असे पाकीट निरुपयोगी ठरते, कारण त्यातून कापून घेण्यासारखे काहीही नाही. टपाल इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र त्याच पाकिटावर कैद्याचे नाव, छावणीचा उल्लेख, पत्र तपासणाऱ्याचा शिक्का आणि पत्राला वाटेत लागलेला काळ सापडतो. एका पाकिटावरून फारसे सिद्ध होत नाही. पन्नास पाकिटे तारखेनुसार लावली तर पत्रव्यवहार केव्हा सैल झाला, केव्हा आवळला गेला आणि कोणत्या मार्गाने तो युरोपात पोहोचला याचा आलेख उभा राहू शकतो. छावणीत जगणाऱ्या माणसाच्या बाजूने या शहराचा इतिहास लिहायचा असेल, तर शासकीय दप्तराला पूरक ठरणारे हे महत्त्वाचे साधन आहे.

याच किल्ल्यात ऑगस्ट १९४२ पासून काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य बंदिवासात होते. आरंभी त्यांना बाहेर पत्र पाठवण्याची मुभा नव्हती. मौलाना अबुल कलाम आझाद यांनी तेथे आपले स्नेही हबीबुर रहमान खान शेरवानी यांना उद्देशून पत्रे लिहिली आणि ती जवळच ठेवली. खोलीत येणाऱ्या चिमण्यांपासून चहापर्यंत अनेक विषय त्यांत आले आहेत. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नीचे निधन झाले तेव्हाही ते याच किल्ल्यात होते. ही पत्रे १९४६ मध्ये 'गुबार-ए-खातिर' या नावाने प्रसिद्ध झाली. या पत्रांना तिकीट नाही, शिक्का नाही, प्रवास नाही. संग्राहकाच्या कोणत्याही सूचीत त्यांना जागा मिळाली नसती. तरी प्रत्येक पत्रावर तारीख आहे, पत्र कोणासाठी आहे हे ठाऊक आहे आणि ती न पाठवण्याचे कारणही ठाऊक आहे. संदर्भ टिकल्यामुळे हा कागद वाचता येतो.

आक्षेप आणि त्यांचा विचार

वरील मांडणीवर एक रास्त आक्षेप घेता येईल. संग्राहकाला दुर्मिळतेचा लोभ नसता तर यांतील कित्येक कागद कधीच रद्दीत गेले असते. किंमत आली म्हणूनच ते वाचले. हा आक्षेप मान्य केला पाहिजे. शिक्षणसंस्थांना या बाबतीत संग्राहकाला दोष देण्याचा नैतिक अधिकारही फारसा नाही, कारण जुने जमाखर्च, हजेरीपट, कार्यक्रमपत्रिका आणि पत्रव्यवहार जागेअभावी विकून टाकण्याची पद्धत संस्थांमध्येही आहे. संग्राहकाने निदान कागद जपला.

परंतु किंमत ज्या गोष्टीला येते तीच गोष्ट जपली जाते, हेही तितकेच खरे आहे. छावणीतील पाकिटे आज टपाल-संग्राहकांच्या लिलावांत विकली जातात. त्यांना मोल आले तेव्हा एकाच कुटुंबाकडील पत्रांचा गठ्ठा सुटा करून एकेक पाकीट वेगळे विकणे फायद्याचे झाले. गठ्ठा फुटला की पत्रांचा क्रम जातो आणि पाकीट राहून आतले पत्र हरवते. येथे कागद शाबूत असतो, किंमतही वाढलेली असते, फक्त पुरावा राहिलेला नसतो. शिवाय ज्या कागदाला बाजार नाही त्याचे काय, हा प्रश्न उरतोच. प्रवरानगर येथे १९५०-५१ च्या पहिल्या गळीत हंगामापासून उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याची आरंभीची भाग-प्रमाणपत्रे, दुष्काळातील शिधापत्रिका, बाजार समितीच्या पावत्या या कागदांवर जिल्ह्याच्या आर्थिक इतिहासाची नावनिशीवार नोंद असते. त्यांना संग्राहकाच्या बाजारात फार मागणी नाही, म्हणून ते ट्रंकेतून थेट रद्दीत जातात.

अहमदनगरला या प्रश्नाचे एक उत्तर फार पूर्वी मिळाले आहे. १९६० मध्ये स्थापन झालेल्या येथील ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात हस्तलिखिते व जुने कागद जतन केले गेले. खाजगी घरांतील कागद एका सार्वजनिक छपराखाली आले, तर छंदाचे रूपांतर साधनसंग्रहात होऊ शकते, हे त्यातून दिसते.

निष्कर्ष

वरील विवेचनातून काही निष्कर्ष निघतात. एक, संग्रहासाठी छापलेला कागद आणि वापरातून उरलेला कागद यांना एकच मापदंड लावता येत नाही. पहिल्यात कोरेपणा हा बाजाराचा निकष असू शकतो, दुसऱ्यात वापराची खूण हाच मजकूर असतो. दोन, तिकीट कापण्याची सवय शालेय पातळीवरच थांबवणे आवश्यक आहे. पाकीट संपूर्ण ठेवावे आणि आत पत्र असल्यास ते पाकिटासोबतच ठेवावे. तीन, महाविद्यालयांचा इतिहास विभाग व ग्रंथालय यांनी मिळून एक साधी नोंदवही ठेवली तरी पुष्कळ काम होईल. कागद कोणाकडून आला, कोणत्या गावातून आला, कोणत्या तारखेस मिळाला आणि सोबत आणखी काय होते, हे चार रकाने त्यासाठी पुरेसे आहेत. खाजगी पत्रांच्या बाबतीत कुटुंबाची संमती हा पाचवा रकाना असावा.

हे काम आता लांबणीवर टाकण्याजोगे राहिलेले नाही. २०२५ मध्ये नोंदणीकृत टपालाची स्वतंत्र सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. हाताने लिहिलेले, शिक्का बसलेले पत्र रोजच्या व्यवहारातून जवळजवळ गेले आहे. जिल्ह्याचे नावही बदलले आहे. जुन्या नावाचा शिक्का असलेले प्रत्येक पाकीट यापुढे एका संपलेल्या कालखंडाचा कागद म्हणून पाहिले जाईल आणि त्याला संग्राहक मिळतील. ते पाकीट त्यांच्या हाती कोपरा कापलेल्या अवस्थेत जावे की पत्त्यासह, शिक्क्यासह आणि नोंदीसह जावे, हे ठरवण्याचे काम जिल्ह्यातील शिक्षकांच्या आवाक्यातले आहे.