कात्रीचे हात आणि काळे कपडे

चारचौघांत वेगळ्या दिसणाऱ्या माणसाविषयी कणव निर्माण करणे कथाकाराला फारसे अवघड नसते. त्याच्या वाट्याला एखादे व्यंग दिले की काम भागते. अवघड असते ते आपखुशीने वेगळे राहणाऱ्याची बाजू मांडणे. टिम बर्टन या अमेरिकन दिग्दर्शकाचा १९९० सालचा ‘एडवर्ड सिझरहँड्स’ हा चित्रपट या कसोटीवर घासून पाहण्याजोगा आहे.

एडवर्ड हा एका वृद्ध संशोधकाने घडवलेला मानसपुत्र. खरे हात बसवण्याआधीच संशोधक मरतो आणि बोटांच्या जागी कात्र्याच राहतात. टेकडीवरच्या ओसाड वाड्यातून प्रसाधने विकणारी एक मायाळू बाई त्याला घरी आणते. खाली फिकट गुलाबी, पिवळी, निळी, एकाच साच्याची घरे. त्यांत हा काळ्या पोशाखातला, पांढऱ्याफटक चेहऱ्याचा, पिंजारलेल्या केसांचा पोरगा! तो झुडपांना आकार देतो, बायकांचे केस कापतो, तोवर सारी वस्ती त्याला डोक्यावर घेते. चोरीचा ठपका येताच तीच वस्ती त्याच्या मागे लागते. गरजेपुरता जिव्हाळा कसा असतो, हे बर्टनने नेमके दाखवले आहे.

एडवर्डचे हे रूप ‘गॉथ’ म्हणवणाऱ्या तरुणांचे. हा पंथ इंग्लंडात पंक संगीताच्या मागोमाग निघाला. १९८२ साली लंडनच्या सोहो भागात उघडलेला ‘बॅटकेव्ह’ क्लब हा त्यांचा एक अड्डा. काळे कपडे, डोळ्यांत दाट काजळ, उदास गाणी. ‘ड्रॅक्युला’ कादंबरीतले जहाज ज्या व्हिटबी बंदराला लागते, तेथे १९९४ साली त्यांचा मेळाही सुरू झाला. ‘वेगळे म्हणवता, मग सगळे सारखेच काळे का?’ असा टोमणा त्यांना मारला जातो. मी शाळामास्तर आहे. गणवेशाने मुले सारखी दिसतात, सारखी होत नाहीत, एवढे मला ठाऊक आहे. शिवाय हा गणवेश त्यांच्यावर कुणी लादलेला नाही.

येथेच चित्रपट उणा पडतो. एडवर्डने कात्र्या निवडलेल्या नाहीत, म्हणून त्याची दया येते. अखेरीस तो वाड्यात परततो, गावावर बर्फ भुरभुरते. शेवट देखणा खरा, पण वस्तीच्या सोयीचा!

खऱ्या गॉथ मुलांना टेकडी नसते. ती गावातच राहतात. २००७ च्या ऑगस्टमध्ये लँकशायरमधील बेकप गावच्या बागेत अशा एका तरुणीला व तिच्या मित्राला मुलांच्या टोळक्याने बेदम मारले. ती वीस वर्षांची होती. त्यात ती दगावली. ती दोघे वेगळी दिसत होती, याखेरीज हल्ल्याला कारण नव्हते, असे न्यायाधीशांनी शिक्षा सुनावताना म्हटले. २०१३ पासून ग्रेटर मँचेस्टरचे पोलीस अशा पंथीयांवरील हल्ले द्वेषमूलक गुन्हे म्हणून नोंदवू लागले. निवडलेले वेगळेपण लोकांना किती खुपते, याचा हा पुरावा.

तरीही चित्रपट मोठ्या मुलांसह अवश्य पाहावा. संपल्यावर त्यांना एवढेच विचारावे : एडवर्डला धडधाकट हात मिळाले असते आणि तरीही त्याने काळे कपडे सोडले नसते, तर त्या वस्तीने त्याला जेवायला बोलावले असते का? आणि आपण?