उत्तरतालिका आणि व्याकरणाचा न्याय

इंग्रजी व्याकरणाच्या वस्तुनिष्ठ परीक्षेनंतर विद्यार्थी एकमेकांची उत्तरे पडताळून पाहतात. ही गोष्ट इतकी नित्याची आहे की, तिच्याकडे अभ्यासविषय म्हणून पाहावे असे सहसा कोणास सुचत नाही. परीक्षकांच्या दृष्टीने ती निव्वळ हुरहुर, तर शिक्षकांच्या दृष्टीने कालापव्यय. प्रस्तुत लेखात या पडताळणीची बाजू मांडावयाची आहे. व्याकरणाचा खरा विचार परीक्षागृहात होत नसून त्यानंतरच्या या वादात होत असतो. उत्तरतालिका तो वाद संपविते, पण त्यातील प्रश्नाला उत्तर देत नाही, असे आमचे मत आहे.

सातारा आणि सांगली या परिसराला इंग्रजीच्या अध्यापनाची परंपरा आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १८९९ साली साताऱ्यास न्यू इंग्लिश स्कूल व १९१९ साली सांगलीस विलिंग्डन महाविद्यालय काढले. आज मात्र येथील पदवीधर इंग्रजी व्याकरणाकडे वळतो तो बहुधा नोकरभरतीच्या परीक्षेसाठी. १७ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर २०२३ या काळात राज्यभर झालेल्या तलाठी भरतीच्या परीक्षेत १०० प्रश्नांपैकी २५ इंग्रजीचे होते. ती परीक्षा अनेक सत्रांत, वेगवेगळ्या प्रश्नपत्रिकांनी झाली. सातारच्या उमेदवारास आलेला प्रश्न त्याच्या सांगलीच्या मित्रास आला असेलच असे नाही. अशा वेळी पर्यायाचा क्रमांक जुळवून भागत नाही. नियमच पडताळावा लागतो. लोकसेवा आयोगाच्या परीक्षांत प्रथम उत्तरतालिका, तिच्यावरील आक्षेप आणि त्यानंतर अंतिम उत्तरतालिका असा क्रम असतो. म्हणजे उत्तराविषयी मतभेद संभवतो हे परीक्षा घेणाऱ्यांनाही मान्य आहे.

या मतभेदांचे तीन प्रकार करता येतात. पहिल्या प्रकारात वादाचे मूळ मातृभाषेत असते. ‘मी तीन वर्षांपासून साताऱ्यात राहतो’ आणि ‘मी २०२० पासून साताऱ्यात राहतो’ या दोन्ही वाक्यांत मराठीला एकच ‘पासून’ पुरते व क्रियापदही साध्या वर्तमानकाळाचे चालते. इंग्रजीत कालावधीसाठी ‘फॉर’, आरंभबिंदूसाठी ‘सिन्स’, आणि दोन्हीकडे पूर्ण वर्तमानकाळाचे रूप लागते. ‘आय लिव्ह हिअर सिन्स थ्री इयर्स’ हे वाक्य बरोबर मानणारा विद्यार्थी निष्काळजी नसतो; तो मराठीचा नियम निष्ठेने पाळत असतो. जत तालुक्यातील कन्नडभाषक विद्यार्थ्याचीही गत तीच, कारण कन्नडचा ‘इंद’ हा प्रत्ययही ही दोन्ही कामे करतो. येथे उत्तर एकच आहे, आणि त्याचे कारणही सांगता येते.

दुसऱ्या प्रकारात वाद असतो तो पाठ केलेला नियम आणि प्रत्यक्ष वापर यांच्यात. ‘नन ऑफ द बॉइज’ यापुढे ‘वॉज’ की ‘वेअर’? ‘नन’ म्हणजे ‘एकही नाही’, म्हणून एकवचनच हवे, असे एक विद्यार्थी म्हणतो. दुसरा म्हणतो, अनेकवचन आपण छापील इंग्रजीत वाचलेले आहे. क्वर्क व त्यांच्या सहकाऱ्यांचे १९८५ चे बृहद्व्याकरण आणि हडलस्टन व पुलम यांचे २००२ चे केंब्रिज व्याकरण या दोहोंच्या मते दोन्ही रूपे ग्राह्य आहेत. अशा वेळी दोष उमेदवाराचा नसून प्रश्नाचा असतो.

तिसऱ्या प्रकारात संदर्भच हरवलेला असतो. ‘ही इज सिटिंग अंडर ... ट्री’ या वाक्यातील रिकाम्या जागी ‘अ’ की ‘द’, हे ते झाड ऐकणाऱ्यास ठाऊक आहे की नाही यावर अवलंबून आहे. एकाकी वाक्यात त्याचा निर्णय होऊच शकत नाही. तरीही दोघे मित्र आपापल्या मनात एकेक प्रसंग कल्पून भांडतात, आणि दोघांचेही बरोबर असते.

उत्तरतालिका या तिन्ही प्रकारांना एकाच मापाने मोजते. पहिल्यात ती योग्य न्याय देते पण कारण देत नाही. दुसऱ्यात एका ग्राह्य रूपास चूक ठरविते. तिसऱ्यात प्रश्नच अपुरा असल्याचे झाकते. जेथे एका गुणाने नेमणूक हुकते, तेथे हा भेद केवळ शास्त्रीय कुतूहलाचा राहत नाही.

याउलट असे म्हणता येईल की, लक्षावधी उमेदवारांची परीक्षा घ्यावयाची तर वस्तुनिष्ठ पद्धतीस पर्याय नाही. रॉबर्ट लॅडो यांनी १९६१ च्या आपल्या ग्रंथात भाषेचे एकेक अंग सुटे करून तपासण्याचा पुरस्कार केला, त्यामागे तपासनिसाच्या लहरीपासून परीक्षार्थ्याचे रक्षण करण्याचा हेतू होता, व तो आजही मोलाचा आहे. परंतु पिट कॉर्डर यांनी १९६७ साली दाखवून दिले की, विद्यार्थ्याच्या चुका हा त्याने मनात रचलेल्या नियमव्यवस्थेचा पुरावा असतो. हा पुरावा पर्यायापुढील वर्तुळात उमटत नाही. ‘तू हे का निवडलेस?’ असे मित्राने विचारल्यावर तो शब्दांत येतो.

विद्यार्थ्यांच्या पडताळणीतही उणीव आहेच. वाद पुष्कळदा बहुमताने किंवा एखाद्या शिकवणीवर्गाच्या टिपणाने मिटविला जातो. कारणाचा शोध अर्ध्यावर राहतो. आक्षेप नोंदवितानाही उमेदवार अनुकूल पान शोधतो, वाक्याचा विचार करीत नाही.

म्हणून दोन सूचना कराव्याशा वाटतात. अंतिम उत्तरतालिकेत निदान आक्षेप घेतलेल्या प्रश्नांपुढे एका वाक्यात कारण छापावे. प्रश्न रद्द केला असल्यास तो कोणत्या दोषामुळे, हेही सांगावे. दुसरी सूचना आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आहे. सातारा व सांगली येथील अभ्यासिकांतून परीक्षेनंतर होणारे हे वाद, बोलणाऱ्यांच्या संमतीने, शब्दशः टिपून घ्यावेत आणि वरील तीन प्रकारांत लावून पाहावेत. मराठी व कन्नड भाषकांच्या इंग्रजीविषयी त्यांतून जे हाती लागेल, ते गुणपत्रिकांच्या राशीतून लागणार नाही.