व्रत, ऋतू आणि काव्य : ‘तिरुप्पावै’चा मार्गळी महिना

सूर्य धनु राशीत असतो त्या महिन्याला महाराष्ट्रात धुंधुरमास म्हणतात. तमिळनाडूत तो ‘मार्गळी’ होय. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत चेन्नईच्या मैलापूर भागात पहाटे दारापुढे तांदळाच्या पिठाची कोलम रेखली जातात, शेणाच्या गोळ्यात भोपळ्याचे फूल खोवले जाते. तिरुवल्लिकेणीच्या पार्थसारथी मंदिरात याच पहाटे आंडाळची ‘तिरुप्पावै’ म्हटली जाते. आठव्या-नवव्या शतकातील श्रीविल्लिपुत्तूरच्या या कवयित्रीची ही 30 पदे या महिन्याच्या दिवसांशी बांधलेली आहेत.

काव्याचा पाया कुमारिकांचे ऋतुव्रत आहे. पहाटेचे स्नान, दूध-तूप वर्ज्य, काजळ-फुले वर्ज्य. आणि फळ म्हणून महिन्यातून तीनदा पाऊस, पिकलेली शेते, दुभती जनावरे. व्रताला निघालेल्या मुली झोपलेल्या मैत्रिणींना दारोदार हाका मारतात, त्यातच दहा पदे खर्ची पडतात. एकोणतिसाव्या पदात मात्र व्रतासाठी मागितलेले ‘परै’ हे वाद्य निमित्तमात्र ठरते आणि कृष्णाची जन्मोजन्मीची सेवा मागितली जाते.

भक्तीने येथे प्राचीन निसर्गव्रत गिळून टाकले, असे म्हणणे सोपे आहे. पण काव्याची रचना त्याला साक्ष देत नाही. पाऊस, गोठा, थंड पाणी यांतून गेल्यावाचून त्या शेवटच्या मागणीला अर्थ येत नाही. आंडाळने व्रत मोडले नाही, ते पुरे केले.

मराठीत याला जवळचा नमुना हादग्याचा आहे. आश्विनात, हस्त नक्षत्राच्या पावसाशी जोडलेल्या या खेळात रोज एक गाणे वाढत जाते. म्हणजे दिवस हेच येथेही रचनेचे माप आहे. तमिळ परंपरेने आंडाळची पदे ‘नालायिर दिव्य प्रबंधा’त घेतली, तेराव्या शतकात पेरियवाच्चान पिळ्ळै यांनी त्यांवर भाष्य केले. मराठीने हादग्याची गाणी लोकसाहित्याच्या संग्रहांकडे सोपवली. त्यांना कवयित्रीचे नाव नाही, हे एक कारण खरे. परंतु दिवसापासून तोडलेली ओळ तेवढीच काव्य, ही समीक्षेची सवय अधिक जबाबदार आहे.

कोलम दुपारपर्यंत पायांखाली पुसले जाते, पद शतकानुशतके टिकते. तरीही दोन्ही एकाच पहाटेची कामे आहेत. 30 पदे एका बैठकीत वाचणाऱ्या अभ्यासकाच्या हाती संहिता पूर्ण येते. महिना मात्र निसटतो.