असंच दुसरं काही

हिवाळ्यात आमच्या जबलपूरजवळच्या पाटनला घरोघरी मटाराचे ढीग पडतात. गेल्या डिसेंबरात शेंगा सोलत बसलो असताना तेरा वर्षांच्या भाचीने विचारलं, "आत्या, हॅरी संपला. आता असंच दुसरं काही?"

या 'असंच'मध्येच सगळी गोम आहे. 'पॉटर आवडला ना, मग हे घे' म्हणत जादूची छडी असलेलं कुठलंही पुस्तक हातात कोंबणारे सल्लागार पुष्कळ. छडी कुणाला हवी असते? मी तिला विचारलं, सगळ्यात काय आवडलं? सोललेला दाणा तोंडात टाकत ती म्हणाली, "स्टेशनावर भिंतीतून आरपार जातात ना, ते." म्हणजे तिला आपल्याच गावाला चिकटून असलेली चोरवाट हवी होती. मग माझ्यापुरता प्रश्न सोपा झाला.

चोरवाटांचा राजा आमच्या हिंदी शेजारातच आहे. देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' १८८८ची. वेष पालटणाऱ्या हेरांचे, म्हणजे ऐयारांचे बटवे, बेशुद्ध माणसाला हुंगवायचा लखलखा, एक दार उघडलं की आत दुसरं दार असं तिलिस्म. त्यातला चुनारगड तर जबलपूरहून अलाहाबादच्या पुढे जाणारी गाडी धरली की लागतो. ती संपली तरी पुढच्या 'चंद्रकांता संतति'चे चोवीस भाग उरतातच. मराठी घरातल्या मुलीला पहिली शिफारस हिंदीची केली म्हणून वहिनीने नाक मुरडलं. मुरडू दे. दोन भाषांच्या सीमेवर राहायचं आणि एकच फडताळ उघडायचं, हा करंटेपणा मला जमत नाही.

मराठी फडताळ रिकामं आहे असं मात्र नाही. आपली सुरुवातीची बरीचशी कादंबरी अद्भुताच्याच पोटची. हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ची. पण १८७२मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल-नाटकांवर निबंध लिहून या प्रकाराची खरडपट्टी काढली, पुढे हरिभाऊ आपट्यांनी वास्तवाचं घर बांधलं, आणि अद्भुत ओसरीवर आलं ते आजतागायत तिथेच बसलंय. त्यात भर पडली इतिहासाची. तलवारी, गड, फितुरी, घराण्यांची भांडणं ही भूक मराठी वाचक रणजित देसाई आणि शिवाजी सावंतांकडे भागवतो. सह्याद्रीभर खरे किल्ले असताना खोटा नकाशा कोण काढत बसणार? पुराणाचंही तेच. बाप मुलाचं तारुण्य मागून घेतो, ही खांडेकरांची 'ययाति' (१९५९) दुसऱ्या भाषेत निघाली असती तर सरळ फँटसीच्या खणात गेली असती. आपण तिला 'पौराणिक' म्हणून आदराने वर ठेवली.

ओसरीवरच्या अद्भुताने दोन वाटा काढल्या. एक भयाची. नारायण धारपांनी स्टीफन किंगची 'सालेम्स लॉट' उचलून 'लुचाई' म्हणून मराठी गावात वसवली. उसनवारी आहेच, पण अंधार अस्सल देशी. त्यांच्या 'समर्थ' कथांत एकच नायक पुन्हा पुन्हा भेटतो. मालिकेची चटक लागलेल्याला मराठीत द्यावं असं ते सगळ्यात जवळचं. दुसरी वाट जी. एं.ची. 'रमलखुणा'तली (१९७५) 'इस्किलार' कुठल्याच नकाशात नसलेल्या देशात घडते. ती वाचल्यावर दोन दिवस माणूस धड बोलत नाही. पण दोन्ही वाटांवर वाचकाला मुक्कामाला जागा नाही. मराठी अद्भुत दचकवतं किंवा अंतर्मुख करतं. तिथे राहायला जावं, गल्ल्या पाठ व्हाव्यात, असं जग ते उभारत नाही. ही उणीव मला प्रतिभेची वाटत नाही, चिकाटीची वाटते.

तोवर राहायला जागा मिळते ती अनुवादांत. भोपाळच्या मंजुलने पॉटर हिंदीत आणला तसा मराठीतही आणला. 'हॅरी पॉटर आणि परीस' हे नाव ऐकताच कळतं की परीस आपल्या भाषेत आधीपासून वाट पाहत होता. टॉल्किनचे तिन्ही खंड मुग्धा कर्णिकांनी 'स्वामी मुद्रिकांचा' म्हणून मराठीत आणले. नाव थोडं कीर्तनी वाटतं खरं, पण अनुवादकाने एवढी वर्षं एका परक्या जगात घालवावीत, हे मराठीत रोज घडत नाही. भाचीला 'चंद्रकांते'नंतर हेच द्यायचं ठरवलंय. मराठी ती झरझर बोलते पण अडखळत वाचते. तीन खंडांत अडखळणं जाईल.

तिच्या कॉलेजातल्या भावाचं दुखणं वेगळं. त्याला 'गेम ऑफ थ्रोन्स'चं वेड. ड्रॅगन त्याला गौण, सत्तेपुढे माणसं कशी उघडी पडतात ते बघायचं असतं. मूळ कादंबऱ्या लिहिणाऱ्या मार्टिनचा पाचवा खंड २०११मध्ये आला, त्यानंतर सहाव्याची वाटच पाहणं चाललंय. त्याला 'रमलखुणा' दिली. चार दिवसांनी पुस्तक ओट्यावर ठेवत म्हणाला, "आत्या, 'इस्किलार'चा पुढचा भाग?"

"नाही."

"म्हणजे यांचाही नाही?"