इशाऱ्यांचे व्यवस्थापन : लिनक्स कर्नलच्या मेकफाइलची चिकित्सा

बीजशब्द : कंपायलर, इशारा, मेकफाइल, लिनक्स कर्नल

प्रस्तावना :
सी भाषेतील आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करताना कंपायलर शंकास्पद रचनांबाबत इशारे देतो. त्यांपैकी कोणते ऐकायचे व कोणते दडपायचे, हे ‘मेकफाइल’ या बांधणीच्या सूचनापत्रातील ‘फ्लॅग’ ठरवतात. या निवडीतून चुकीची जबाबदारी कोणावर पडते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात लिनक्स कर्नलच्या आधारे केली आहे.

विवेचन :
लिनक्समध्ये इशाऱ्यांची प्रतवारी आहे. नेहमीच्या बांधणीत निवडक इशारे चालू असतात. ‘डब्ल्यू’ या चलास १, २ किंवा ३ हे मूल्य दिल्यास त्या त्या प्रतीचे जादा इशारे मिळतात. या शिस्तीचे यश २०१९ मध्ये दिसले. ‘स्विच’ रचनेत ‘ब्रेक’ राहून गेल्यास अंमलबजावणी पुढील ‘केस’मध्ये घसरते. ही घसरण हेतुपुरस्सर आहे की अनवधानाने, हे कळत नाही. विकासकांनी अशा जागा आधी तपासल्या, हेतू नोंदवला आणि नंतरच ५.३ आवृत्तीत तो इशारा सर्वत्र लागू केला.

याउलट २०२० मध्ये, चल मूल्याविना वापरले गेल्याची शंका व्यक्त करणारा इशारा दुसऱ्या प्रतीत ढकलण्यात आला. जीसीसी १० वापरताना त्याच्या खोट्या गजरांचा उपद्रव असह्य झाला होता. निर्णय समर्थनीय होता. मात्र खोट्यांबरोबर खरे गजरही नेहमीच्या बांधणीत मूक झाले.

सप्टेंबर २०२१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी प्रत्येक इशाऱ्यास त्रुटी मानणारा ‘वेरर’ हा फ्लॅग सर्व बांधण्यांसाठी मूलतः चालू केला. अनेक बांधण्या अडल्या आणि काही दिवसांतच ही मूळ सक्ती चाचणीच्या बांधण्यांपुरती मर्यादित झाली. तत्त्व योग्य होते, व्याप्ती चुकली. कंपायलरची नवी आवृत्ती नवे इशारे आणते. परिणामी काल बिनतक्रार बांधला जाणारा स्रोत, त्यातील एक अक्षरही न बदलता, आज अडतो. त्याचा भुर्दंड दुरुस्तीचे ज्ञान नसलेल्या वापरकर्त्यास पडतो.

निष्कर्ष :
सक्ती दुरुस्ती करू शकणाऱ्या विकासकावर असावी. इशारा बंद करणे अटळ असल्यास तो संबंधित फाइलपुरता व कारण नोंदवून बंद करावा; तशी सोय लिनक्सच्या बांधणीत आहे. मूळ मेकफाइलमधील एक ओळ लिहिण्यास सोपी असते, पण ती हजारो फाइलींबाबतची शंका एकदम मिटवून टाकते. पुढे तेथे खरी चूक शिरली, तरी ती सांगणारे कोणी उरत नाही.