सारीपाटाची घरगुती संगणकीय आवृत्ती : एक चिकित्सा

प्रास्ताविक

साहित्यकृतीची, नाटकाची, चित्रपटाची समीक्षा होते; खेळाची मात्र क्वचितच होते. वास्तविक खेळ हीदेखील एक रचना असते. तिला नियमांचे व्याकरण असते, परंपरा असते आणि खेळणाऱ्यांच्या मनात तिचा एक विशिष्ट अर्थ असतो. तेव्हा एखादा जुना खेळ नव्या माध्यमात आणला जातो, त्या वेळी मूळ रचनेतील काय टिकले आणि काय निसटले हे पाहणे समीक्षेच्या कक्षेत येते. प्रस्तुत लेखात आमच्या महाविद्यालयातील संगणकशास्त्राच्या एका माजी विद्यार्थ्याने फावल्या वेळात घरी तयार केलेल्या सारीपाटाच्या आज्ञावलीचा परामर्श घेतला आहे. ही आज्ञावली त्याने मित्रांना व नातेवाइकांना विनामूल्य दिली, तसेच तिची मूळ संहिताही सोबत दिली.

परंपरेचा संदर्भ

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात जुगाऱ्याची व्यथा आली आहे. तेथील अक्ष हे विभीतकाच्या, म्हणजेच बेहड्याच्या फळांचे. हा वृक्ष आजही भीमाशंकरच्या जंगलात आढळतो. महाभारताचे सारे कथानक द्यूतसभेपाशी वळण घेते. वेरूळच्या २१ व २९ क्रमांकांच्या लेण्यांत शिव-पार्वतीचा अक्षक्रीडेचा प्रसंग कोरलेला आहे. खंडोबाच्या लोककथेत देव म्हाळसेबरोबर सारीपाट खेळतो, हरतो आणि बारा वर्षांचा वनवास पत्करून बाणाईच्या वाड्यावर चाकरीला राहतो. ‘मनासारखे दान पडणे’, ‘फासे उलटे पडणे’, ‘पट मांडणे’ हे प्रयोग ज्यांनी सारीपाट कधी पाहिलाही नाही, त्यांच्या तोंडी आहेत. ‘पोबारा’ हे तर एक आणि दोन षटके अशा दानाचे नाव. आज मात्र पळून जाणे एवढाच त्याचा अर्थ उरला आहे. खेळ विस्मरणात गेला, तरी त्याची भाषा मागे राहिली.

या खेळाचे पाश्चात्त्य रूप म्हणजे लुडो. इंग्लंडमध्ये १८९६ साली त्याचे पेटंट घेतले गेले. कवड्यांच्या जागी सहा बाजूंचा ठोकळा आला, पट आटोपशीर झाला आणि जोडीदाराची कल्पना गळून पडली. २०१६ नंतर भ्रमणध्वनीवर आणि विशेषतः २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी जो खेळ पोहोचला तो हा लुडो होय, सारीपाट नव्हे. प्रस्तुत विद्यार्थ्याचे वेगळेपण येथेच आहे. त्याने तयार लुडो न घेता आजीकडे असलेला कापडी पट समोर ठेवला.

आवृत्तीचे परीक्षण

पटाची मांडणी निर्दोष आहे. चार पट्टे, प्रत्येकी तीन रांगा, प्रत्येक रांगेत आठ घरे, अशी एकूण ९६ घरे. चार रंगांच्या सोळा सोंगट्या. फुलीची बारा घरे, जेथे सोंगटी मारता येत नाही. सहा कवड्यांपैकी दोन ते सहा उताण्या पडल्यास तितकेच दान, एकच उताणी पडल्यास १० आणि सर्व पालथ्या पडल्यास २५, हा त्याच्या घरचा नियम त्याने जसाच्या तसा घेतला आहे. सूचना शुद्ध मराठीत आहेत. जाहिरात नाही, पैसे लावण्याची सोय नाही.

तथापि पहिल्याच डावात एक आक्षेप निघाला, आणि तो कोणा तज्ज्ञाने घेतलेला नव्हता. विद्यार्थ्याच्या आजी थोडा वेळ खेळून म्हणाल्या, “आरं, ह्याला पंचवीस लई पडत्यात. ह्यो रडी खेळतोय.” नातवाने हसून ते सोडून दिले. प्रस्तुत लेखकाने मात्र संहिता पडताळून पाहिली, तेव्हा आजींचे निरीक्षण अचूक असल्याचे दिसून आले.

आज्ञावलीत सात शक्य दानांपैकी एक यादृच्छिक रीतीने निवडले जात होते. म्हणजे प्रत्येक दानाला एक-सप्तमांश, सुमारे १४ टक्के संधी. प्रत्यक्षात सहा कवड्या पडण्याचे ६४ प्रकार संभवतात. कवडी उताणी वा पालथी पडण्याची शक्यता समान मानली, तर २५ चे दान ६४ पैकी केवळ एकदा येते. १० चे सहा वेळा. २ चे पंधरा वेळा. ३ चे वीस वेळा. ४ चे पंधरा वेळा. ५ चे सहा वेळा. आणि ६ चे एकदा. म्हणजे संगणकावर पंचवीस नऊपट अधिक पडत होते. सरासरी दान ४.२३ ऐवजी ७.८६ होत होते. डाव जवळजवळ दुप्पट वेगाने धावत होता.

ही केवळ गणिताची चूक नव्हे. सारीपाटात २५ हे दुर्मीळ दान आहे. त्याची वाट पाहण्यात, ते न पडल्याच्या हळहळीत आणि दोन-तीनच्या दानांत सोंगट्या सांभाळण्यात खेळाचा रस आहे. दुर्मीळ गोष्ट सुलभ झाली की तिचे मोल जाते. आजींच्या हाताला कवड्यांचा हा स्वभाव अनेक वर्षांच्या खेळाने ठाऊक होता. सूत्र मात्र त्यांना सांगता आले नसते. शिवाय खरी कवडी नाण्यासारखी समतोल नसते. तिची पाठ फुगीर असते आणि प्रत्येक संचाचा कल निराळा असतो. तेव्हा ६४ प्रकारांचे गणितही केवळ जवळचे उत्तर होय.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. सारीपाट दोघांविरुद्ध दोघे असा खेळला जातो. समोरासमोरचे खेळाडू जोडीदार असतात. जोडीदारासाठी आपली सोंगटी थांबवून ठेवणे, प्रतिपक्षाची वाट अडवणे, प्रसंगी स्वतःची चाल वाया घालवणे, ही त्यातील खरी बुद्धिमत्ता. या आवृत्तीत संगणक तीन हात खेळतो. परंतु प्रत्येक हात स्वतःपुरता पाहतो. जोडीदार म्हणून बसलेला संगणक आपल्याला कधीच मदत करीत नाही. पट सारीपाटाचा, पण वृत्ती लुडोची, असे त्याचे स्वरूप होते.

मोफत आणि मुक्त

संगणक फसवतो हा आरोप नवा नाही. बॅकगॅमन या फाशांच्या जुन्या खेळासाठी स्वयंसेवकांनी घडवलेल्या ‘ग्नू बॅकगॅमन’ या मुक्त आज्ञावलीवरही तो वारंवार होत आला आहे. तिच्या कर्त्यांनी दिलेले उत्तर लक्षणीय आहे: संहिता सर्वांना पाहता येते, आणि तरीही विश्वास नसेल, तर खेळाडूने स्वतः फासे टाकून ते दान संगणकाला कळवावे. शकुनीच्या फाशांची परीक्षा करण्याची सोय द्यूतसभेत नव्हती. येथे ती आहे. मोफत वस्तू आणि मुक्त वस्तू यांतील भेद तो हाच. मोफत वस्तूतील दोष आपण सोसतो. मुक्त वस्तूतील दोष शोधता येतो, दुरुस्तही करता येतो. वरील आक्षेप लेखकाला पुराव्यानिशी मांडता आले, ते विद्यार्थ्याने संहिता उघडी ठेवली म्हणूनच. दानाची चूक त्याने तत्काळ दुरुस्त केली. जोडीदाराचा प्रश्न अद्याप बाकी आहे. तो अधिक अवघडही आहे.

समारोप

ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई केली. परंतु जे वर्ज्य आहे ते दूर केल्याने जे जपण्यासारखे आहे ते आपोआप जपले जात नाही. जुन्नर-आंबेगाव परिसरातील जुन्या घरांत पेटीच्या तळाशी पट आणि कवड्या असतील. त्यांचे नियम घराघरांत भिन्न असतील. ते ज्यांना माहीत आहेत अशी माणसे वयोवृद्ध आहेत. संगणकशास्त्र, संख्याशास्त्र आणि मराठी या विभागांनी एकत्र येऊन हे नियम नोंदवावेत, विद्यार्थ्यांनी घरच्या कवड्या शेकडो वेळा टाकून त्यांचा कल मोजावा, असा प्रकल्प कोणत्याही महाविद्यालयाला अल्प खर्चात करता येईल.

प्रस्तुत आवृत्ती सदोष आहे. तरीही ती स्वागतार्ह आहे. पुढील आवृत्तीत ‘घरच्या कवड्या’ असा एक पर्याय असावा, एवढीच सूचना. आजींनी कवड्या टाकाव्यात, नातवाने दान नोंदवावे आणि संगणकाने केवळ पट सांभाळावा. मग रडी कोण खेळतो, याचा निवाडा पटाभोवती बसलेली माणसे करतील.